अधिक महिना कुणाच्या दारी

सहावा महिना, सरता आठवडा
शीवेई

शुईमू,

फोनमध्ये तू मला बंद करून ठेवलं आहेस. मी लिहिलेलं इथून निघतं आणि तुझ्यापर्यंत पोचत नाही, असं शाळेतल्या बाईंनी माझा फोन उलटसुलट करून सांगितलं. म्हणून हा कागद. हार्बिनचा पत्ता मामांच्या सुनेकडून काढला, तिच्यावर चिडू नकोस. कागद असा बंद करता येत नाही. फार तर फाडशील, पण फाडायच्या आधी पाकिटावरचं माझं गिचमिड अक्षर तरी बघशील.

इथे सगळं ठीक आहे. तुझे दाजी चहा भाजतात आणि येईल त्याला फुकट पाजत बसतात. लोंगनची झाडं यंदा लगडली आहेत. मी अजून तालुक्याला तंटे मिटवायच्या खोलीत बसते. सासूसुना, वाटण्या, कोंबड्यांवरून भांडणारे शेजारी, सगळे येतात, चहा पितात, रडतात आणि घरी जातात. दादा बरा आहे. उन्हामुळे जेवण थोडं कमी झालंय, एवढंच.

लिहायचं कारण वेगळं आहे. तिकडे भिंतीवर पंचांग लावतोस की नाही कोण जाणे. यंदा सहावा महिना संपला की पुन्हा सहावाच आहे. आई गेली त्या वर्षानंतर अधिक सहावा आत्ता पहिल्यांदा येतोय.

जाताना बसस्टँडवर तू म्हणाला होतास, "ताई, गावाचे तंटे मिटवतेस ना, मग एकदा तोंडानं सांग. बरोबर कोण होतं, मी का दादा? सांगशील तेव्हा बोलेन." मी गप्प बसले आणि तू आठ वर्षं बोलला नाहीस. मी आजही सांगणार नाही. त्या खोलीत मी कुणालाच विचारत नाही की बरोबर कोण. मी विचारते, उद्या दुपारी काय करायचं. पण तुमचं दोघांचं म्हणणं मला तुमच्यापेक्षा चांगलं मांडता येतं, हे बघ.

मामांनी आईचे महिने वाटून दिले. विषम महिने दादाकडे, सम महिने तुझ्याकडे, आणि पाळी सुरू एक तारखेच्या दुपारच्या जेवणापासून. त्यामुळे एक तारखेला सकाळी तिला कुणीच काही देत नसे, आणि ती मागतही नसे. स्टूल आणि वाडगा घेऊन अंगण ओलांडायची आणि समोरच्या दारात दुपारची वाट बघायची. मग अधिक सहावा आला. तू म्हणालास, सहावा मी पुरता सांभाळला, आता दादाची पाळी. दादा म्हणाला, अधिक असला तरी सहावा तो सहावाच, आणि सहावा शुईमूचा. वाटणी केली तेव्हा पंचांग मामांच्या डोक्यावर टांगलेलं होतं, पण मान वर करून कुणी बघितलं नाही. आता दोघांपैकी जो आधी तिला वाढेल तो हरला, असं होऊन बसलं.

आई तुमच्या दोन दारांच्या मधे, लोंगनखाली, स्टुलावर बसून राहिली. निजायला धान्याच्या खोलीत जायची. दादाकडून कुणी विचारलं की म्हणायची, "जेवले रे, शुईमूकडे जेवले." तुझ्याकडून विचारलं की, "हुओतूकडे जेवले." तुम्ही दोघांनी ते खरं मानलं, कारण तेच सोयीचं होतं.

मी रीतीप्रमाणे डुकराच्या पायाच्या शेवया आणि नवे बूट घेऊन आले होते. अधिक महिन्यात लेकीनं बूट दिले की आईचं वर्ष सुखाचं जातं म्हणतात. तिनं शेवया खाल्ल्या, वाडगा बोटानं पुसून घेतला. बूट मात्र घातले नाहीत, मलाच परत ठेवायला दिले. मी म्हटलं, "चल महिनाभर माझ्याकडे." तर म्हणाली, "दोन मुलगे असताना लेकीच्या ताटावर बसले तर गाव पोरांच्या तोंडात शेण घालेल. तुझ्याकडे माझा महिना नाही गं." पुढच्या आठवड्यात ती त्याच स्टुलावर बसल्या जागी गेली.

हे सगळं उगाळत बसायचं नव्हतं. विचारायचं ते एवढंच. आईचं स्टूल तू तुझ्या घरात ठेवून कुलूप लावून गेलास ना? मला तसंच आठवतं. काल वहिनीला ते लोंगनखाली दिसलं. एका पायाला तारेचे वेढे आहेत, तूच घातलेले. कुणाला घराची किल्ली दिली होतीस का, ते कळव.

तुझी,
बीयुनताई


अधिक सहावा महिना, तिसरा दिवस
हौकेंग

शुईमू,

उत्तराची मी वाटच बघत नव्हते, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला.

मागच्या पत्रात दादा बरा आहे असं लिहिलं. तो बरा नाही. मी इथे त्याच्याकडे येऊन राहिले आहे, हे पत्र त्याच्या ओट्यावर बसून लिहिते आहे. एक तारखेला दुपारी वहिनीनं पानं मांडली तसा हा उठला, अंगणात गेला आणि त्या स्टुलावर जाऊन बसला. एवढा आडदांड माणूस आणि एवढंसं स्टूल. गुडघे छातीशी आले होते. वहिनीनं आधी चेष्टाच समजली.

"अहो, चला आत. भात निवतोय."

"जेवलो."

"कधी जेवलात? सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नाही."

"शुईमूकडे जेवलो."

"अगंबाई. आठ वर्षं एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि म्हणे त्याच्याकडे जेवलो. काय वाढलं त्यानं, कुलूप?"

तो हसला नाही. मान जरा डावीकडे कलती करून बसून राहिला. शुईमू, ती मान कुणाची ते मी तुला सांगायला नको.

तेव्हापासून रोज हेच. सकाळी उठतो, अंग धुतो, फवारणीबद्दल बोलतो, बातम्यांवर चिडतो, अगदी आपला दादा. ताट पुढे आलं की म्हणतो जेवलो, आणि अंगणात जातो. पाणी तेवढं पितो. संध्याकाळी आत येतो तेव्हा स्टुलावर बसल्याचं त्याला आठवतसुद्धा नाही. डॉक्टर येऊन गेले. ऊन लागलंय म्हणाले, सलाईन लावलं, आणि वहिनीला वेगळं बाजूला घेऊन विचारलं, घरात काही वाद आहे का.

काल मी त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "काय होतं रे आज जेवायला?"

"रताळ्याची पेज. खारवलेला मुळा."

"गोड होती पेज?"

"पातळ होती," तो म्हणाला. "पण आहे तेवढी दोघांत वाटून घेतली."

मी पुढे काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, मला त्याचाच तर पगार मिळतो.

मला फोन कर. नाहीतर दाजींना कर, त्यांच्याशी तुझं भांडण नाही.

ताई


अधिक सहावा महिना, सातवा दिवस
हौकेंग

शुईमू,

तुझ्या घराची एक किल्ली माझ्याकडे आहे. आईच्या कमरेच्या दोरीला होती, शेवटची आंघोळ घालताना मी सोडवून घेतली. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू मागितली असतीस आणि मला ती द्यायची नव्हती.

आज भर दुपारी, दादा स्टुलावर असताना, मी आणि वहिनीनं तुझं कुलूप काढलं. ते इतकं गंजलं होतं की तेल घालावं लागलं, त्यामुळे आमच्या आधी ते कुणी उघडलं असेल असं वाटत नाही. आत तुझं सगळं जागच्या जागी आहे. मुलीची सायकल, तुझ्या बायकोचं शिवणयंत्र, भिंतीवर त्या वर्षीचं पंचांग, सहाव्या महिन्याच्या पानावर थांबलेलं. सगळ्यावर बोटभर धूळ. चुलीच्या तोंडावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, म्हणजे त्या चुलीत विस्तव पडलेला नाही.

जेवायच्या टेबलावर मात्र दोन ठिकाणी धूळ नव्हती. वाडग्याच्या बुडाएवढी दोन गोल वर्तुळं, समोरासमोर. बाकांवरही तसंच. एका बाकावर बारीक माणसाच्या बसण्याएवढी जागा पुसलेली, समोरच्या बाकावर दादाच्या बसण्याएवढी. मी एका वर्तुळावर हात ठेवला. कोमट होतं.

वहिनी तोंडानं फाडफाड असली तरी भित्री नाही, तुला माहीत आहे. पण ती माझी बाही धरून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, मी त्या वर्षी खरंच समजले होते की सासूबाई शुईमूकडे जेवतात. देवाशपथ समजले होते." मी म्हटलं, ठाऊक आहे. मग आम्ही दार ओढून घेतलं. कुलूप लावायचं दोघींनाही सुचलं नाही.

बाहेर येऊन बघते तर दादाच्या मांडीवर वाडगा. निळ्या काठाचा, आईचा. शुईमू, तो वाडगा आईला उचलताना दादानंच उंबऱ्यावर आपटून फोडला होता. तुकडे मी वेचले आणि लोंगनच्या मुळाशी पुरले. तू तेव्हा मला खड्डा खणून दिला होतास. आता तो त्याच्या हातात सबंध होता. सगळीकडे तडे दिसत होते, पण मी त्यात पाणी ओतून बघितलं, एक थेंब गळला नाही.

वहिनी म्हणाली, "द्या इकडे, परत फोडते."

मी दिला नाही. ज्याचा वाडगा, त्याला विचारल्याशिवाय कसा फोडायचा?

तुला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. मला स्वतःला भीती वाटते आहे आणि ती कुणाला तरी सांगायची होती. गावाला सांगितली तर उद्या इथे मांत्रिकांची रांग लागेल, आणि दाजींना सांगितली तर ते चहा आणतील.

ताई


अधिक सहावा महिना, बारावा दिवस
हौकेंग

शुईमू,

हे पत्र कुरिअरनं पाठवते आहे. सोबत एक कागद आहे. आधी पत्र वाच, मग कागद.

दादाला शहरातल्या दवाखान्यात नेलं होतं. नाकात नळी घातली. दुपार झाली तशी त्यानं ती स्वतःच्या हातानं काढली आणि नर्सला नम्रपणे म्हणाला, "राहू दे पोरी, मी जेवलोय." त्यांनी परत पाठवला. गालाची हाडं वर आली आहेत, अंगठी बोटातून गळून पडते. असंच चाललं तर हा महिना तो काढायचा नाही. हे मी मुद्दाम मोठं करून लिहीत नाही. वहिनीनं कपड्यांची पेटी काढून शेवटच्या प्रवासात घालायचा म्हणून ठेवलेला त्याचा काळा कोट उन्हात टाकला, तेव्हा मी हे मान्य केलं.

मग मी ठरवलं की हा तंटा आहे आणि तंट्यासारखाच हाताळायचा. आमच्याकडे रीत अशी की आधी पाठीला पाठ, मग तोंडाला तोंड. म्हणजे आधी प्रत्येकाशी वेगळं बोलायचं, दुसऱ्याचं नाव न घेता, आणि मग सगळ्यांना एका टेबलाशी आणायचं. दादाशी बोलले, वहिनीशी बोलले. तुझ्याशी बोलता येत नाही, तुझी बाजू मला पाठ आहे, तीच धरली. राहिली आई.

दुपारी दादाला आत निजवून मी रिकाम्या स्टुलासमोर बसले. वाटलं होतं वेड्यासारखं वाटेल. वाटलं नाही. आई डोक्याला लावायची त्या चहाच्या बियांच्या तेलाचा वास आला, आणि मी एखाद्या अशिलाला विचारते तसं विचारलं, "तुम्हाला काय हवंय?" वाऱ्याचा पत्ता नव्हता, पान हलत नव्हतं. तरी स्टूल किंचित करकरलं, कुणी बूड सरकवून बसल्यावर करकरतं तसं. मी तिथेच बसून रडले, बराच वेळ. आठ वर्षांत एवढी रडले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामांना आणलं. वाटणीच्या बाबतीत मामांशिवाय कुणाचा शब्द चालत नाही, आणि चूक त्यांच्याच वाटणीत राहिली होती, त्यामुळे ते न कुरकुरता आले. आता एका कानानं ऐकू येत नाही, पण सिगारेट सुटलेली नाही. दारासमोरच्या मानाच्या जागी ते बसले. एका बाजूला दादा आणि वहिनी, एका बाजूला तुझी रिकामी खुर्ची, मामांसमोर आईचं स्टूल. चहा ओतायचा तो स्वतःला नाही, समोरच्याला, हा माझ्या टेबलाचा नियम. दादानं चहादाणी उचलली. त्यानं तुझ्या खुर्चीसमोरचा पेला भरला आणि म्हणाला, "घे." आठ वर्षांत तुला उद्देशून तो बोललेला हा पहिला शब्द. खुर्चीला का होईना.

मामांनी देवळातून लाकडी कौल आणले होते, ते चंद्रकोरीसारखे दोन तुकडे. एक उताणा एक पालथा पडला की हो, दोन्ही पालथे पडले की नाही. दोन्ही उताणे म्हणजे समोरचा हसतोय.

"अक्का," मामा म्हणाले, "चूक माझी झाली. बस आता समोर. हा अधिक महिना हुओतूकडे काढतेस?"

नाही.

"मग शुईमूकडे?"

नाही.

"निम्मा निम्मा?"

दोन्ही उताणे. मामांनी सिगारेट विझवली. "हसतेय. जिवंत होती तेव्हा माझ्या एकाही बोलण्यावर हसली नाही. मग कुणाकडे जायचंय, सरकारकडे?"

पुन्हा हसली. वहिनी पुटपुटली की म्हाताऱ्या माणसाची अशी थट्टा बरी नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. दाजींनाही नाही, आणि तुला या पत्रांत तर मुळीच नाही. पण पंचांगावर पुन्हा सहावा महिना दिसला तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट होती. ते बूट मी अजून जपून ठेवले आहेत, शुईमू. दर वर्षी उन्हात घालते.

"बीयुन," मामा म्हणाले, "तू विचार."

मी विचारलं, "आई, माझ्याकडे?"

हो. पुन्हा टाकले, हो. तिसऱ्यांदा मामांनी स्वतः टाकले, कारण माझ्या हातांवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. हो.

वहिनी उठून उभी राहिली. "लेकीकडे? दोन मुलगे असताना? गाव आमच्या दारावर थुंकेल. मामा, तुम्ही तरी बोला."

बोलला दादा. डोळे मिटलेले, आवाज खोल गेलेला. "तिकडे तरी जेवेल," म्हणाला. आणि शाईत अंगठा बुडवला.

सोबतचा कागद तोच आहे. त्यात एवढंच लिहिलंय की विषम महिने दादाचे, सम तुझे, आणि अधिक महिना, जेव्हा येईल तेव्हा, लेकीचा. बरोबर कोण होतं हे त्यात कुठे नाही, मी शोधून शोधून काढून टाकलं. पण अंगठा लावणं म्हणजे काय, हे तुला कळतं तसं मलाही कळतं. दोन मुलांना मिळून आईला एक महिना वाढता आलं नाही, हे तुम्ही दोघं सगळ्यांसमोर कबूल करता आहात. म्हणूनच दोघांचाही हवा. एकाच्या अंगठ्यानं महिना सुटत नाही, असं मामा म्हणतात, आणि कौलही तेच म्हणाले.

लाल शाई नसली तर तुझ्या बायकोची लिपस्टिक लाव. पण लाव. दादावर राग असेल तर ठेव, तो कागदावर दिसणार नाही.

ताई


अधिक सहावा महिना, एकोणिसावा दिवस
शीवेई

शुईमू,

कागद मिळाला. पत्र नाही, एक अक्षर नाही, नुसता अंगठा. तोही दोनदा लावलास. पहिला पुसट आला आहे, हात हलला असणार. मी त्या पुसट ठशाकडे बराच वेळ बघत बसले.

एक नक्कल मामांनी लोंगनखाली जाळली, आईला पोचावी म्हणून. राख वर न जाता स्टुलाभोवती फिरत राहिली आणि तिथेच बसली. दादा ओसरीवर होता. राख बसली तसं त्यानं आत वळून विचारलं, "काय गं, आज या घरात चूल पेटली नाही का?" वहिनी स्वयंपाकघरात पळाली ती भांडी पाडतच. त्यानं पेज प्यायली, वाटीभर, मग परत मागितली. मग त्याला रडू आलं, आणि का येतंय ते त्याला कळेना. आता रोज थोडं थोडं जेवतो आहे. वाचेल.

मी स्टूल आणि वाडगा घेऊन घरी आले. रस्त्यात मागे वळून बघायचं नाही, असं मामांनी बजावलं होतं. बघितलं नाही, पण चढावर माझी चाल आपोआप मंद झाली, आई बरोबर असली की व्हायची तशी.

दाजींना वाटेत फोन करून सगळं सांगितलं होतं. ते भुताखेतांना हसणारे, तुला माहीत आहेत. घरी आले तर टेबलावर तिघांच्या जेवायच्या काड्या मांडलेल्या. विचारलं तर म्हणाले, "सासूबाई येणार म्हणालीस ना. मग?"

मी बूट उंबऱ्याशी ठेवले, टोकं आतल्या बाजूला करून. शेवया केल्या. आईच्या जागी वाडगा ठेवला आणि आम्ही दोघं मुकाट्यानं जेवलो. तिच्या वाडग्यातलं काही कमी झालं नाही. पण नंतर दाजींनी त्यातली एक शेवई चाखली आणि वाडगा हळूच खाली ठेवला. चव म्हणून उरली नव्हती, मीठसुद्धा नाही. मी चाखली, तीच गत. इतकं सगळं खाल्लं होतं तिनं. दाजी म्हणाले, "उद्या जास्त कर."

बुटांचे तळवे मी संध्याकाळी उलटून बघितले. आठ वर्षं पायात न घातलेले बूट, आणि तळव्याला हौकेंगच्या अंगणातली पिवळी माती. एका टाचेला लोंगनचं सालपट चिकटलं होतं.

मला भीती वाटत नाही हे तुला कसं सांगू. आई माझ्या घरी जेवते आहे.

ताई


अधिक सहावा महिना, शेवटचा दिवस
शीवेई

शुईमू,

हे पत्र सगळ्यांत महत्त्वाचं आहे, उभ्या उभ्या वाचू नकोस.

माझा महिना आज संपतो. मला आला तो महिन्याचा शेपटाकडचा तुकडा, पण तेवढ्यात मी तिला काय काय करून घातलं. ऑयस्टरची धिरडी केली, तारोच्या कंदांचा भात केला, दुपारी तिच्यासमोर बसून शेजारपाजारच्या चहाड्या सांगितल्या. एकदा पंखा आपोआप मंद झाला, तिला जोरात वारा सोसायचा नाही. मी इतकी सुखात होते की पुढचं माझ्या लक्षातच आलं नाही. मामा पंचांग बघायला विसरले म्हणून मी त्यांना हसले, आणि मीही तेच केलं.

आज सकाळी उठले तर स्टूल टेबलाशी नव्हतं. उंबऱ्याबाहेर होतं, हौकेंगच्या रस्त्याकडे तोंड करून. वाडगा त्याच्यावर पालथा. बुटांची टोकं बाहेरच्या बाजूला.

तेव्हा मला कळलं. आठ वर्षं ती त्या एका महिन्यात अडकून होती, कारण तो कुणाचाच नव्हता. आता तो सुटला, आणि पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. उद्या सातवा महिना, दादाचा. इथे लोक सातव्या महिन्यात भुतांना भिऊन दारं लवकर लावतात. दादाला फोन केला तर तो म्हणाला, "माहीत आहे. मी ओटा धुतलाय." वहिनी मागून ओरडली की मुळा खारवायला टाकलाय, आणि म्हणावं या वेळी पोटभर जेवून जा. तिच्या आवाजात भीती नव्हती, फक्त लगबग होती.

आणि सातव्यानंतर आठवा. आठवा तुझा आहे, शुईमू. कागदावर तसंच आहे, आणि त्यावर तुझा अंगठा आहे.

ती रागावलेली नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. मी तिच्याबरोबर राहिले आहे. ती भुकेली आहे आणि तिला आपल्या मुलाकडे जेवायचं आहे, बाकी काही नाही. दादाचं हे असं झालं ते राग म्हणून नाही. त्या दोघांत एकच पेज होती आणि तिनं त्याला अर्धी दिली. तुलाही देईल. तू वाढलं नाहीस तर तिच्याकडे आहे त्यातलंच देईल. म्हणून घाईनं लिहिते आहे.

मी कौल टाकून विचारलं की हार्बिन फार लांब आहे, तिथे थंडी असते, जमेल का. दोन्ही उताणे पडले. मग मी तिला तुझा पत्ता वाचून दाखवला, मजला आणि खोलीसकट. चांगलं केलं की वाईट, मला ठाऊक नाही. मी मधली माणूस आहे, दोन्हीकडचे निरोप पोचवते.

आणखी एक. आईच्या कमरेची ती किल्ली मी कपाटात ठेवली होती, रुमालात बांधून. आज रुमाल आहे, गाठही आहे, किल्ली नाही. ती तिनं घेतली असणार. पण ती किल्ली इथल्या घराची आहे, तुझ्या तिकडच्या दाराला लागणार नाही. तेव्हा तूच ठरव. घरी ये, धूळ झाड, चूल पेटव, मी मदतीला येईन, दादाही येईल. तो आजकाल तुझ्या दाराकडे बघत बसतो. यायचं नसेल तर तिथेच राहा, पण दार लावू नकोस.

आठव्या महिन्याची एक तारीख, दुपार. त्या दिवशी सकाळपासून तिनं काही खाल्लेलं नसेल.

तुझी,
बीयुनताई